मोटारीचें कुलवृत्त

रामकुंडावर स्नानास उतरलेल्या परगांवच्या यात्रेकरूस नाशिकचा तीर्थोपाध्याय पहिला प्रश्न विचारतो तो आडनांवाचा व मूळ गांवाचा. उत्तर मिळालें कीं घरांतून जुनी वही येते, पानें उलटलीं जातात, आणि कांहीं वेळानें यात्रेकरूच्या पुढें त्याच्याच आजोबांची वा पणजोबांची सही येऊन उभी राहते. कोण आलें, कोणाबरोबर आलें, मागें मुलेंबाळें किती, हें तेथें लिहिलेलें असतें. ज्यांस स्वतःच्या पणजोबांचें नांव सांगतां येत नव्हतें, तेही त्या क्षणीं गंभीर होतात. ही वही कोणाची स्तुति करीत नाहीं आणि निंदाही करीत नाहीं. एका माणसामागून दुसरा माणूस आला एवढेंच ती सांगते, आणि तेवढ्यानें काम होतें.

या वहीचें स्मरण होण्यास कारण नाशिकच्याच एका वाचकांचें पत्र. त्यांच्या जुन्या वाड्याच्या जागीं आतां नवी इमारत उठावयाची आहे. वाड्याच्या पडवींत ताडपत्रीखालीं एक मॉरिस मोटार कैक वर्षें उभी आहे. तिचें आर. सी. बुक परलोकवासी आजोबांच्या नांवाचें असून आजोबांना जाऊन तीन तपें लोटलीं. त्यांनीं गाडी कोणाकडून घेतली याविषयीं घरांत दोन कथा आहेत. थोरल्या पातीच्या मतें ती एका संस्थानिकाच्या पदरची. धाकट्या पातीच्या मतें देवळालीच्या छावणींतील एका गोऱ्या अधिकाऱ्यानें मायदेशीं जातांना ती विकली. एका चुलतभावास गाडी ठेवावयाची आहे, दुसऱ्यास विकावयाची आहे, आणि भंगारवाला दारावर दोनदां येऊन गेला आहे. "आम्हांस भांडण नको," असें ते लिहितात, "पण गाडीचें खरें काय तें कळावें, म्हणजे निर्णय करणें सोपें जाईल. हा शोध कसा करावा?" पत्रासोबत त्यांनीं आर. सी. बुकाच्या उरलेल्या पानांची नक्कल धाडली आहे. तिच्याकडे पुढें वळूं.

प्रश्न एका घराचा असला, तरी त्याचें उत्तर अनेक घरांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून या महिन्याचें हें सदर त्यास दिलें आहे. जुन्या वाड्यांतून, बंगल्यांच्या आउटहाउसांतून आणि शेतावरच्या गोठ्यांतून अशा गाड्या अद्याप निघतात. कोठें मॉरिस वा ऑस्टिन, कोठें शेव्हर्ले, आणि अलीकडच्या पिढीच्या म्हणाव्यात तर फियाट व अँबॅसडर. शेवटची अँबॅसडर कारखान्यांतून बाहेर पडली त्या २०१४ सालासही आतां बरेच दिवस झाले. तेव्हां हा प्रश्न यापुढें वाढत जाणार, कमी होणार नाहीं.

आपल्यांतील कित्येक घराण्यांनीं विसाव्या शतकांत आपापले कुलवृत्तांत छापून काढले. ज्यांनीं त्या कामांत हात घातला त्यांस एक अनुभव सर्वत्र आला असेल. मूळपुरुष पराक्रमी होता असें प्रत्येक शाखा छातीठोकपणें सांगते. परंतु मधल्या दोन पिढ्यांतील साध्या कारकुनाचें वा भिक्षुकाचें नांव विचारलें तर सारे एकमेकांकडे पाहूं लागतात. वंशावळ तुटते ती नेहमीं मध्यें तुटते. मोटारीचेंही तसेंच आहे. पहिला मालक कोणी तरी मोठा होता ही कथा टिकते, शेवटचा मालक तर आपण स्वतःच असतों; मधल्या मंडळींचा मात्र पत्ता नसतो. म्हणून शोध करणारानें मोठ्या नांवाच्या मागें न लागतां एकेक हात मागें जावें. आपण कोणाकडून घेतली, त्यानें कोणाकडून घेतली, असा हा क्रम आहे.

शोधाचा आरंभ कागदापासून करूं नये, गाडीपासून करावा. मोटारीस दोन मुख्य क्रमांक असतात: एक चॅसीचा, म्हणजे सांगाड्यावरचा, आणि दुसरा इंजिनाचा. जुन्या गाड्यांवर कारखान्याची पितळी वा पत्र्याची पट्टी बहुधा इंजिनाच्या मागील पडद्यावर असते. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक गंजाखालीं दडलेला असतो. तो घांसून उजळविण्याचा मोह आवरावा, कारण घांसतां घांसतां अंकच जातात. मऊ फडक्यानें पुसून वर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी फिरवावी, म्हणजे अंक कागदावर उमटतात. आर. टी. ओ. च्या कामांत ही रीत आजही ओळखीची आहे. मग हा ठसा व आर. सी. बुकांतील आंकडा यांचा मेळ पाहावा. इंजिनाचा आंकडा न जुळल्यास घाबरण्याचें कारण नाहीं. साठ-सत्तर वर्षांत इंजिन बदललेलें असणें साहजिक आहे. चॅसीचा आंकडा न जुळल्यास मात्र पुढें पाऊल टाकण्यापूर्वीं जाणत्याचा सल्ला घ्यावा, कारण ओळख ठरते ती त्या आंकड्यावर.

दुसरा मुक्काम घर. येथें पुरुषमंडळी कपाटें उघडतात आणि निराश होतात. वस्तुतः आधीं घरांतील वडील स्त्रियांस विचारावें. त्यांस गाडीचें मॉडेल सांगतां येणार नाहीं, परंतु काळ अचूक सांगतां येतो. "गाडी आली त्या वर्षीं अमक्याची मुंज होती," एवढें वाक्य हातीं आलें कीं मुंजीची पत्रिका शोधावी. पत्रिकेवर शक असतो, व शकांत अठ्याहत्तर मिळविले कीं इसवी सन निघतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथि असल्यास बहुधा एक अधिक धरावा. शके १८६९ चा वैशाख म्हणजे १९४७ चा उन्हाळा. असें एक वर्ष पक्कें झालें कीं बाकीच्या कथा त्याच्या मागें-पुढें लावतां येतात. मग लग्नाचे फोटो पाहावेत. वरात निघतांना मोटारीपुढें उभें राहून फोटो काढण्याची हौस त्या काळीं सर्वांस होती, आणि भिंगाखालीं नंबरची पाटी पुष्कळदां वाचतां येते. आजोबांची रोजकीर्द असल्यास तिच्यांत खरेदीची रक्कम सांपडते. विम्याच्या पावत्या, कराच्या पावत्या, गॅरेजचीं बिलें, दुसऱ्या महायुद्धांतील पेट्रोलच्या रेशनिंगचे कागद, यांपैकीं कांहींही रद्दींत घालूं नये. प्रत्येक कागदावर तारीख आणि नांव असतें, व आपणांस हव्यात त्या दोनच गोष्टी.

तिसरा मुक्काम सरकारी दप्तर. येथें थोडा इतिहास ठाऊक असला तर शोध सुकर होतो. मोटारींसंबंधीं अखिल हिंदुस्थानास लागू असा पहिला कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा कायदा आला, आणि आज चालतो तो १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे. १९३९ च्या कायद्याखालीं प्रांताप्रांतांस नंबरचीं अक्षरें नेमून देण्यांत आलीं. मुंबई प्रांतांत 'बी. एम्.' अशा अक्षरांनीं आरंभ होणारे नंबर त्या व्यवस्थेंतले. १९८९ नंतर महाराष्ट्राची खूण 'एम्. एच्.' झाली आणि नाशिकच्या वांट्यास १५ हा अंक आला. संस्थानांची गोष्ट निराळी होती. त्यांची नोंदणी स्वतंत्र असे व पाटीवर संस्थानाचें नांवही असे. यावरून एक उपयुक्त कसोटी निघते. गाडी खरोखर संस्थानांतून आली असेल, तर ब्रिटिश मुलखांत वा पुढें मुंबई राज्यांत येतांना तिला नवा नंबर घ्यावा लागला असला पाहिजे, आणि त्या बदलाची खूण कोठें तरी राहिली पाहिजे. उलटपक्षीं पहिल्या नोंदीपासून मुंबई प्रांताचाच नंबर चालत आला असेल, तर संस्थानिकाच्या कथेचा पाया डळमळतो.

परप्रांतांत गेलेल्या गाडीच्या बाबतींत सांखळी नेहमीं येथेंच तुटते. आजच्या कायद्याप्रमाणेंही गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तेथें नवीन नंबर घ्यावा लागतो. मुंबईची गाडी इंदुरास गेली आणि तेथून नाशिकास आली, म्हणजे तिचीं दोन नांवें मागें पडलीं. सासरीं नांव बदललेल्या मुलीचा शोध जसा माहेरच्या आडनांवानें करावा लागतो, तसा अशा गाडीचा शोध चॅसीच्या आंकड्यानें करावा; नंबर बदलतो, तो आंकडा बदलत नाहीं. आर. टी. ओ. कडे रीतसर अर्ज करावा, जुना नंबर, चॅसीचा ठसा आणि आपला संबंध दाखविणारे कागद जोडावेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचाही आधार घेतां येतो; मात्र परक्या माणसाचा खासगी तपशील मागितल्यास तो नाकारला जाऊं शकतो, हें ध्यानांत ठेवावें. संगणकावर असलेल्या नोंदी लगेच सांपडतात. जुनीं रजिस्टरें सांपडण्यास चिकाटी लागते, आणि ओल व वाळवी यांनीं आपला वांटा आधींच घेतलेला असूं शकतो.

चौथा मुक्काम कारखान्याचें दप्तर. या बाबतींत विलायतेंतील शिस्त वाखाणण्यासारखी आहे. रोल्स-रॉइस कंपनीनें प्रत्येक चॅसीचें स्वतंत्र टिपण ठेविलें, आणि तीं टिपणें नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या खेड्यांत 'हंट हाउस' नांवाच्या वास्तूंत त्या गाड्यांच्या शौकिनांच्या मंडळानें जपून ठेविलीं आहेत. या कंपनीच्या हिंदुस्थानांतील इतिहासाचा एक आरंभीचा अध्याय आपल्याच मुलखांत घडला. १९०८ सालीं पश्चिम हिंदुस्थानच्या मोटार युनियननें मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींची कसोटी ठेविली होती. एकंदर अंतर ६२० मैल आणि वाटेंत सहा घाट. आजच्या डांबरी रस्त्यांवरून जाणारास त्या वेळच्या धुळीच्या, खडीच्या आणि तीव्र वळणांच्या घाटांची कल्पना येणें कठीण. 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचें मोतीं, अशा नांवाची एक रोल्स-रॉइस त्या कसोटींत विजयी झाली आणि पुढें ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनीं ती विकत घेतली. शतकापूर्वींच्या एका गाडीसंबंधीं आपण आज इतकें सांगूं शकतों, याचें कारण ती श्रीमंताघरीं गेली हें नव्हे. तिच्या प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी कांहीं तरी लिहून ठेविलें, हें आहे. जॉन फेझल या इंग्रज संशोधकानें हिंदुस्थानांतील रोल्स-रॉइस गाड्यांचा माग काढला, तो अशाच टिपणांच्या बळावर.

साध्या गाड्यांनाही हें भाग्य थोडेंफार लाभलें आहे. इंग्लंडांत गेडन येथील ब्रिटिश मोटर म्यूझियममध्यें ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांचीं कारखानदारी रजिस्टरें आहेत, आणि फी भरली असतां चॅसीच्या आंकड्यावरून दाखला मिळतो. सर्व गाड्या व सर्व वर्षें त्यांत नाहींत. तेव्हां पैसे धाडण्यापूर्वीं आपल्या गाडीचीं रजिस्टरें शिल्लक आहेत कीं नाहींत तें विचारून घ्यावें. दाखल्यांत गाडी केव्हां तयार झाली, मूळ रंग कोणता, इंजिनाचा आंकडा काय, कोठें रवाना झाली, अशी माहिती असते. पुढच्या मालकांचीं नांवें त्यांत नसतात. अमेरिकन गाडी असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला व फोर्ड कंपनीनेंही मुंबईंत तसेंच केलें; दोन्ही १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बंद पडले. तेव्हां आजोबांची शेव्हर्ले 'अमेरिकेहून आली' असें घरांत म्हणत असले, तरी ती पेट्यांतून सुट्या भागांनीं आली असेल आणि तिला मोटारीचें रूप शिवडींत मिळालें असेल. यांत कमीपणा कांहींच नाहीं. उलट ती अर्धी मुंबईकर ठरते.

येथें कोणी शंका घेईल: इंजिन बदललें, रंग बदलला, टप बदलला, तर गाडी तीच राहिली असें कसें म्हणावें? या शंकेस उत्तर देण्यास नाशिकासारखें दुसरें गांव नाहीं. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे तो 'नाशिकचा हिरा' दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावाबरोबर १८१८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं गेला आणि लंडनच्या बाजारांत पोंचला. तेव्हां त्याचें वजन सुमारें नव्वद कॅरट होतें. रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनीं त्यास नवे पैलू पाडले, तें अठ्याहत्तरांवर आलें. १८३७ सालीं तो लिलांवांत वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसानें घेतला. १९२७ सालीं पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्याकडे आला. १९४० सालीं न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननें घेऊन पुन्हां कापला, तेव्हां वजन ४३.३८ कॅरट उरलें. आणि १९७० सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्यास पांच लक्ष डॉलर आले. आकार गेला, निम्म्याहून अधिक वजन गेलें, तरी तो नाशिकचाच हिरा आहे हें कोणी नाकारीत नाहीं. कारण प्रत्येक हस्तांतराची सन-तारखेसह नोंद आहे. आणि याच सांखळींतील सर्वांत अस्पष्ट कडी कोणती? लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथील नव्हे. देवाच्या अंगावरून तो पेशव्यांच्या खजिन्यांत केव्हां व कसा गेला, ही आपल्या घरची कडी. वस्तु दुसऱ्यांच्या हातीं गेल्यावर तिचा हिशेब चोख राहिला, आणि आपल्याकडे होती तोंवर आपण तो राखला नाहीं, हें मनास लावून घेण्यासारखें आहे.

आतां दंतकथांविषयीं. त्या टाकून देऊं नयेत, पण तपासून घ्याव्यात. कलकत्त्यांत १९१० च्या सुमारास मॅथ्यूसन नांवाच्या एका हौशी इंग्रजानें हंसाच्या आकाराची मोटार लोस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीकडून करविली. हंसाच्या चोंचींतून ऊन पाण्याचे फवारे उडत, आणि रस्त्यांत इतका गोंधळ माजला कीं पोलिसांस ती बंद करावी लागली. ऐकणारास ही शुद्ध थाप वाटेल. परंतु ती गाडी पुढें नाभाच्या महाराजांकडे गेली, १९९१ सालीं एका डच संग्राहकानें ती मिळविली, आणि आज हेगच्या लोमन संग्रहालयांत ती पाहावयास मिळते. म्हणजे अद्भुत वाटणारी कथा खरी निघूं शकते. उलट अगदीं संभवनीय वाटणारी कथा खोटीही निघूं शकते. आणि तिला खोटी ठरविणारा कागद पुष्कळदां आपल्याच ट्रंकेंत असतो.

नाशिकच्या पत्रलेखकांच्या बाबतींत असेंच कांहीं घडलेलें दिसतें. त्यांनीं धाडलेल्या नकलेंत पहिलें पान नाहीं. तें वाळवीनें खाल्लें. दुसऱ्या पानावर मालकी बदलल्याची नोंद १९४९ सालची आहे आणि त्यांच्या आजोबांच्या आधीं ज्यांचें नांव आहे, तें नाव संस्थानिकाचें नव्हे आणि गोऱ्या अधिकाऱ्याचेंही नव्हे. तें एका बाईंचें आहे, व नांवापुढें वैद्यकीची पदवी आहे. पत्राच्या शेवटीं ताजा कलम म्हणून त्यांनीं लिहिलें आहे कीं, हें नांव वाचून दाखवितांच घरांतील नव्वदी उलटलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरीणबाईंचीच गाडी ही! माझ्या धाकट्या भावाच्या वेळीं त्या मध्यरात्रीं हिच्यांतूनच आल्या होत्या." इतकीं वर्षें ही गोष्ट त्यांस ठाऊक होती, पण त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें.

डॉक्टरीणबाईंनीं ती कोणाकडून घेतली होती, हें त्या खाल्लेल्या पानाबरोबर गेलें. कदाचित् देवळालीचा अधिकारी तेथें असेल. म्हणजे धाकट्या पातीची कथाही अगदींच निराधार न ठरावी. परंतु तें सिद्ध होईपर्यंत ती जागा कोरी ठेवणें हेंच प्रामाणिकपणाचें. आणि खरें विचाराल तर, ज्या काळीं स्त्रीनें वैद्यकी करणें हेंच पुष्कळांच्या डोळ्यांवर येई, त्या काळीं रात्रीं-अपरात्रीं स्वतःच्या मोटारीनें बाळंतिणींच्या मदतीस जाणाऱ्या बाईंची ही गाडी आहे, यापेक्षां अधिक थोर कूळ तिला कोणता संस्थानिक देणार होता? संस्थानिकांच्या गाड्या पुष्कळ सांपडतील.

भावनेचा भाग एवढा झाला. आतां व्यवहार पाहूं, कारण या प्रकरणांत खरा धोका व्यवहाराचा आहे. मालक वारल्यावर गाडी जिच्या वा ज्याच्या ताब्यांत येते, त्या व्यक्तीनें तीस दिवसांच्या आंत आर. टी. ओ. स कळवावें आणि मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आंत एकतिसाव्या नमुन्यांत नांव बदलण्याचा अर्ज करावा, असा आजचा नियम आहे. हें काम आपल्या घरांतून 'सावकाश करूं' म्हणून राहून जातें. विक्रीच्या वेळीं तर याहून घोटाळा होतो. सही घेतली, किल्ली दिली, पैसे मोजून घेतले, कीं विकणारास वाटतें आपण मोकळे झालों. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें दिलेला एक निकाल या समजुतीस धक्का देणारा आहे. त्या प्रकरणांत मूळ मालकानें २००७ सालीं गाडी विकली होती; ती पुढें आणखी हातांतून गेली; २००९ सालीं तिचा अपघात झाला. आर. टी. ओ. च्या दप्तरांत मात्र नांव पहिल्याचेंच होतें, आणि न्यायालयानें भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेविली. कायद्याच्या दृष्टीनें ज्याचें नांव पुस्तकांत तो मालक. म्हणजे वंशावळीचा हा शोध केवळ हौशीचा नाहीं. आपण घेतलेल्या गाडीवर आपलें नांव चढलें आहे काय, आणि आपण विकलेल्या गाडीवरून तें उतरलें आहे काय, हे दोन प्रश्न प्रत्येक घरानें आजच विचारून घ्यावेत.

जी गाडी जपून ठेवावयाची आहे तिच्यासाठीं केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली आणि चॅसी, टप व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. तिच्या नंबरांत राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही. ए.' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि पुढील नूतनीकरणाची फी पांच हजार रुपये अशी त्या नियमांत ठरविली. अशी गाडी रोजच्या जा-ये साठीं किंवा धंद्यासाठीं वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा प्रसंगींच ती रस्त्यावर यावी. पन्नास वर्षें सिद्ध करावयाचीं ती पुन्हां कागदानेंच, हें वेगळें सांगावयास नको. आणि वारसांनीं यासाठीं जाण्यापूर्वीं आपसांत लेखी संमति करून एकाचें नांव ठरवावें. शेताचे बांध घालतां येतात, मोटारीचे घालतां येत नाहींत.

शेवटीं या वाचकांस, आणि अशाच स्थितींतील इतरांस, एक सूचना. एक साधी वही घ्यावी व तिचे चार रकाने पाडावेत: काळ, गाडी कोणाकडे होती, पुरावा काय, आणि ही माहिती कोणी सांगितली. कागदावरून कळलेलें शाईनें लिहावें, ऐकींव पेन्सिलीनें लिहावें. पेन्सिलीवर शाई फिरवावयाची ती पुरावा मिळाल्यावर. आपल्या आवडीप्रमाणें नव्हे. जेथें माहिती नाहीं तेथें ओळ कोरी सोडावी, म्हणजे पुढच्या पिढीस कोठें शोधावयाचें तें कळेल. चॅसीचा ठसा पहिल्या पानावर चिकटवावा. आत्याबाईंसारख्या साक्षीदारांचें बोलणें त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, आजच्या आज उतरून घ्यावें. कागद पन्नास वर्षें थांबतो, माणूस थांबत नाहीं.

मग गाडी ठेवावी कीं विकावी, हा निर्णय घरच्या मंडळींनीं आपली जागा, ऐपत व हौस पाहून खुशाल करावा. ज्या गाडीची सांखळी कागदानें सिद्ध आहे तिला जाणकार गिऱ्हाईक अधिक मोल देतें, तेव्हां विकणाराचेंही यांत नुकसान नाहीं. भंगारवाल्यास मात्र वही पुरी होईपर्यंत थांबवावें. आणि गाडी विकलीच, तर आर. सी. बुकाबरोबर या वहीची एक प्रत नव्या मालकाच्या स्वाधीन करावी, त्याच्या नांवाची ओळ आपण स्वतः शाईनें लिहावी आणि आर. टी. ओ. च्या दप्तरांतही ती चढली आहे याची खात्री करून घ्यावी. रामकुंडावरील वह्या शतकानुशतकें टिकल्या त्या कोणा एका मोठ्या इतिहासकारामुळें नव्हे. आलेल्या प्रत्येकानें आपल्या हातानें आपली एक ओळ लिहिली, म्हणून त्या टिकल्या.